दुखणं वर सरकतं

साहेब आत आले म्हणून संघपाल सरवदे ताडकन उभा राहिला, असं ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो साहेब दारात दिसायच्या आधीच उठत होता. मागच्या रॅकवरची एक फाइल हवी होती, खुर्ची न सरकवता कंबरेतून वळून त्यानं हात लांबवला, आणि अर्धवट उठलेला असतानाच डाव्या कुल्ल्याच्या आत, कुठंतरी खोल, उघडी तार ओल्या हाताला लागावी तसं झालं. ते तिथंच थांबलं नाही. मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं, पावलावरून सरळ अंगठ्यापर्यंत गेलं आणि अंगठ्यात जाऊन जळत राहिलं. एक हात टेबलावर, एक खुर्चीच्या पाठीवर ठेवून तो उभा होता. "बसा, बसा," साहेब म्हणाले. ते नवीन होते, वयानं लहान होते, आपल्यापेक्षा मोठ्या माणसानं आपल्यासाठी उठावं याचा त्यांना संकोच वाटत असावा. "अहो, बसा ना सरवदे." संघपालला बसता येत नव्हतं. गुडघा जरा वाकवून पाहिला तर तार पुन्हा लागली. साहेबांनी हसल्यासारखं केलं आणि ते केबिनमध्ये गेले. शेजारच्या टेबलावरचा मृत्युंजय खालच्या आवाजात म्हणाला, "गेले की ते. आता तरी बसा." मग त्यानं संघपालच्या कपाळावरचा घाम पाहिला. डिसेंबर होता, पंखे बंद होते. "काय होतंय हो?" "पाय झोपलाय," संघपाल म्हणाला, आणि हे आपण खोटं का बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. एवढ्या कळेतही त्याच्या मनात पहिला विचार दवाखान्याचा आला नव्हता. पहिला विचार आला होता, आत्ता जर आप्पांनी पाहिलं तर.

होटगीच्या रेल्वे चाळीत दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये एकच खुर्ची होती. लोखंडी, घडीची, बसलं की कुरकुरणारी. संघपाल चौथीत असताना आप्पांनी ती सोलापुरातून गार्डाच्या डब्यात घालून आणली. आप्पा, म्हणजे हरिदास सरवदे, गँगमन होते. रुळाखालची खडी बीटरनं ठोकून घट्ट बसवायची, सरकलेले रूळ सब्बल लावून जागेवर आणायचे, उन्हाळ्यात पहाटे आणि पावसाळ्यात केव्हाही. त्या खुर्चीवर ते स्वतः कधी बसले नाहीत. आई बसली नाही. धाकटा अभिमन्यू चढून बसला तर त्याला बखोट धरून उतरवलं जायचं. ती अभ्यासाची खुर्ची होती आणि अभ्यास करणारा संघपाल होता. आप्पा समोर भिंतीला टेकून बसत आणि तो वाचत असताना नुसते बघत. एकदा, त्यानं विचारलेलं नसताना, म्हणाले, "माझा बा पाटलाच्या वसरीखाली उभा ऱ्हायचा. वर पाय टाकाय नव्हता. मी रूळ तपासणाऱ्या पीडब्ल्यूआय सायबापुढं उभा ऱ्हातो. तू बसायचं." एवढंच. नोकरी लागल्याचं पत्र दाखवायला तो होटगीला गेला तेव्हाही आप्पांनी पगार विचारला नाही, बदली कुठं होईल ते विचारलं नाही. विचारलं ते, "बसाय खुर्ची हाय न्हवं?" संघपाल हो म्हणाला होता, आणि पुढं तेवीस वर्षं तो बसला होता. नीट, टापटिपीनं, बिनतक्रार. लोक त्याच्या टेबलासमोर येत, उभे राहत, आणि तो प्रत्येकाला आधी "बसा" म्हणत असे. हे "बसा" त्यानं कधी कुणाला चुकवलं नाही.

आठवडाभर त्यानं लपवलं. लपवायला फार काही लागत नाही, फक्त रोजच्या प्रत्येक गोष्टीला थोडा जास्त वेळ लागतो आणि तो वेळ कुणाच्या लक्षात येऊ द्यायचा नाही. मोटरसायकलवर पाय टाकायच्या आधी तो मोबाइल बघत असल्याचं दाखवी. खोकला आला तर भिंतीला हात लावून खोके, कारण प्रत्येक ठसका सरळ पोटरीत उतरायचा. सकाळी मोज्यात पाय घालणं ही एक मोठी मोहीम झाली. जुळे सोलापुरातलं त्याचं घर तीन खोल्यांचं, त्यात बायको, शुभदा, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. चाळीस पोरांतून एकाची खोडी ओळखणारी बाई, तिच्यापासून काय लपणार. एका सकाळी तो ओट्याजवळ उभ्यानंच भाकरी खात होता. "गेले पाच दिवस तुम्ही उभ्यानं जेवताय," ती म्हणाली, "आणि डावा पाय टेकवत नाही. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय." तो म्हणाला, "होईल बरं." "होईल की. पण काय झालंय ते कळल्यावर होईल." तिनं त्याच दिवशी अर्धी रजा टाकली.

डॉक्टरनं त्याला पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला. हातभर उचलला नसेल, संघपालनं पलंगाची कड पकडली. अंगठा दाबून धरायला सांगितला, टाचांवर चालायला सांगितलं, पायावरून कापूस फिरवला. मग एमआरआय. त्या नळीत तो अर्धा तास उताणा पडून होता आणि यंत्राचा ठोका ऐकत होता, ठक ठक ठक, आणि थोड्या वेळानं त्याला त्यात खडी ठोकणारे बीटर ऐकू यायला लागले, सहाजण एका तालात, आणि आश्चर्य म्हणजे त्याला बरं वाटलं. फिल्म दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "हा चौथा आणि पाचवा मणका. मधली गादी मागं सरकलीय, ती या शिरेला टेकतेय. सायटिका. दुखतंय पायात, पण भानगड इथं आहे." मग त्यांनी जे सांगितलं ते शुभदानं वहीत लिहून घेतलं. ऑपरेशनची आज गरज नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काहींचं तीन महिन्यांत आपोआप कमी होतं. गोळ्या पंधरा दिवस. पडून राहायचं नाही, चालायचं. वजन उचलायचं नाही, वाकून तर नाहीच. पावलातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर वाटली, तर एक तासही न थांबता यायचं. "आणि बसणं," डॉक्टर म्हणाले, "बसणं कमी. अर्ध्या तासाच्या वर एका जागी नाही. जमलं तर काम उभ्यानं करा." शुभदाचं पेन चालत होतं. संघपालला वाटलं, या वाक्याला तरी ती थांबेल, वर बघेल. तिनं नुसतं लिहिलं, 'बसणं कमी', आणि खाली रेघ ओढली.

दुखणं कळलं म्हणून माणूस लगेच शहाणा होत नाही. त्या पंधरवड्यात संघपालनं मोबाइलवर जगातल्या सगळ्या वाईट सायटिका वाचून काढल्या. ज्याला भेटावं त्याच्या मेव्हण्याला, साडूला हेच झालेलं असायचं. कुणी पट्टा सांगितला, कुणी जळवा, कुणी कसलं तरी काळं तेल. मृत्युंजयनं अक्कलकोटकडच्या एका माणसाचं नाव काढलं, तो पाय धरून एकच हिसका देतो आणि माणूस उड्या मारत घरी जातो. "तुमच्या ओळखीचं कुणी गेलंय?" संघपालनं विचारलं. "माझा चुलता गेला होता." "मग?" मृत्युंजयनं टेबलावरचे कागद सारखे केले. "आता काठी घेतो," म्हणाला, आणि दोघंही हसले, आणि हसताना कळ आली तरी संघपाल हसत राहिला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा जाणवलं की पायात आग असतानाही हसता येतं, आगीला त्याचं काही वाटत नाही.

शेवटी डॉक्टरनं त्याला व्यायामासाठी चंद्रिकाकडं पाठवलं; तिचा दवाखाना पूर्व भागात होता, एका जुन्या मागाच्या शेडला दोन खोल्या पाडून केलेला. तिचे वडील त्याच शेडमध्ये टॉवेल विणत. माग विकले आणि मुलीला फिजिओथेरपी शिकवली. घरात ती तेलुगूत बोलायची, फोनवर कानडीत, आणि पेशंटशी शाळेतल्यासारख्या स्वच्छ मराठीत. तिनं त्याला पालथं झोपवलं. "सर, काही करायचं नाही. नुसतं पडा. पाच मिनिटं." तो पडला. गालाखाली रेक्झिन, नाकाला फिनेलचा वास, पलीकडं अजून चालू असलेल्या कुठल्यातरी मागाचा आवाज. "आता कोपरांवर या. कंबर सैल सोडा. सांगा, दुखणं खाली जातंय की वर येतंय?" त्याला प्रश्नच कळला नाही. दुखणं दुखतं, त्याला खाली-वर काय. "अंगठ्यात होतं ना? आता कुठंय?" त्यानं लक्ष दिलं. आपल्याच पायाच्या आत लक्ष देणं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. अंगठ्यातलं गेलं होतं. "घोट्याच्या वर," तो म्हणाला. "छान," ती म्हणाली. "वर सरकतंय. पायातून कंबरेकडं आलं की समजायचं, बरं होतंय. कंबर जास्त दुखली तरी घाबरायचं नाही. खाली उतरलं तर मात्र थांबायचं, मला फोन करायचा." घरी परतताना तो रिक्षात आडवा-तिरका बसला होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, होटगी, टिकेकरवाडी, सोलापूर. गाडी सुटलीय. पॅसेंजर आहे, प्रत्येक ठिकाणी थांबणार, पण सुटलीय.

रोज तीन वेळा तो घरात पालथा पडू लागला. शुभदा त्याला ओलांडून जायची, क्वचित त्याच्या शेजारी बसून वह्या तपासायची. मध्येच एखाद्या पोराचं अचाट वाक्य वाचून दाखवायची. जमिनीवरून घर वेगळं दिसत होतं. कपाटाखाली हरवलेलं एक बटण सापडलं, टेबलाच्या खालच्या बाजूला मुलीनं, अंकितानं, लहानपणी खडूनं काढलेलं एक मांजर सापडलं. ती आता पुण्यात शिकत होती, त्यानं फोटो काढून तिला पाठवला. सकाळी तो चालायला जाऊ लागला, आधी दहा मिनिटं, मग पंधरा. "कंबरेसाठी कंबर तलाव," मृत्युंजय म्हणाला. तलावाच्या काठानं चालताना डाव्या टाचेपासून वर काय काय होतंय याची तो मनाशी नोंद घेई, आणि मग मध्येच कुठंतरी पाणकोंबडी बघण्यात ती नोंद राहून जाई. त्याला वाटायचं, इतक्या वर्षांत आपण या शरीरात भाडेकरूसारखे राहिलो, मालकानं एवढ्यात दार वाजवलं.

ऑफिस मात्र तेवढं सोपं नव्हतं. मृत्युंजयनं अडगळीतली रेकॉर्डची एक लाकडी पेटी आणून त्याच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर कीबोर्ड, तिच्यावर कागद, आणि संघपाल उभा राहून काम करू लागला. पहिल्याच दिवशी एक शेतकरी आला आणि त्याला म्हणाला, "सायेब कुटं गेल्यात? खुर्ची मोकळीच हाय." संघपाल म्हणाला, "मीच. बसा." शेतकरी बसला, मग वर बघून परत उठला. समोरचा माणूस उभा आहे आणि आपण बसायचं, हे त्याला पटेना. दोघं उभ्यानंच बोलले. असं रोज व्हायचं. साहेबांनी परवानगी दिली होती, चांगली दिली होती, "तब्येत पहिली" म्हणाले होते. तरी ते बाहेर आले आणि संघपाल आधीच उभा असला की त्याचा हात उगाच एखाद्या फाइलीकडं जायचा. उभं राहणं नुसतं उभं राहणं नव्हतं. ते त्याच्या आज्याचं होतं, वसरीखालचं. ते आप्पांचं होतं, टोपी हातात घेऊन इन्स्पेक्टरच्या ट्रॉलीजवळचं. दोन पिढ्यांनी जे पायाखालून काढून टाकलं तेच आपण डॉक्टरच्या चिठ्ठीवर परत घेऊन आलो की काय. दुपारी तीनच्या सुमाराला, पाय दमले की, तो हे असलं काही विचार करी, आणि मग चंद्रिकानं सांगितल्याप्रमाणं एक पाय खालच्या फळीवर ठेवी, पाच मिनिटं बसे, पुन्हा उठे. होटगीला त्यानं यातलं काही कळवलं नव्हतं. अभिमन्यूचा फोन आला की "सगळं बरं आहे" म्हणे. आप्पा शहात्तर वर्षांचे होते. त्यांना काय सांगायचं? खुर्ची बाधली म्हणून?

फेब्रुवारीत आप्पा डोळे दाखवायला सोलापूरला आले आणि न सांगता ऑफिसात आले. संघपालला ते दिसलेच नाहीत. त्या वेळी एका अहवालाची घाई चालली होती, साहेब बाहेर येऊन संघपालच्या खुर्चीत बसले होते, स्क्रीनवर काहीतरी उघडत होते, आणि संघपाल शेजारी उभा राहून आकडे सांगत होता. एक आकडा जुळेना म्हणून साहेबांचा आवाज चढला, संघपालवर नव्हे, पण चढला. ते आत गेल्यावर मृत्युंजय म्हणाला, "तुमचे वडील भेटले का?" "कुठं?" "आत्ता दारात होते की. गळ्याला निळा रुमाल. मी या म्हणलो, तर हात केला आणि जिना उतरले." संघपाल जिन्यापर्यंत गेला. पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागत होता. खाली फाटकाशी पोचला तेव्हा सात रस्त्याकडं जाणाऱ्या गर्दीत कुठंच निळा रुमाल नव्हता. त्या संध्याकाळी कळ मांडीतून पुन्हा घोट्यात उतरली. चंद्रिका फोनवर म्हणाली, "जिना जोरात उतरलात का?" तो हो म्हणाला. बाकीचं तिला काय सांगणार.

रविवारी तो होटगीला गेला. रिक्षात, बसमध्ये बसावं लागतं म्हणून पॅसेंजर गाडीनं, दाराशी उभा राहून. आप्पा नोकरीतून सुटल्यावर स्टेशनापलीकडं त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथं ते अभिमन्यूच्या बायका-पोरांत राहत. दाराशी लिंबाखाली बाज होती, आप्पा तिच्यावर बसून लसूण सोलत होते. वर बघून म्हणाले, "ये." आणि बाजेवर जागा केली. संघपाल उभाच राहिला.

"परवा आला होता म्हणं ऑफिसात," तो म्हणाला.

"आलो व्हतो."

"मग थांबला का न्हाय?"

"तुमचं काम चाललं व्हतं." आप्पा त्याला कधी तुमचं म्हणत नसत. लसणाची एक पाकळी त्यांनी उगाच परत परत पुसली. "काय चुकलं व्हतं तुझं?"

"कशात?"

"उभं केलतं की तुला. आन् त्यो तुझ्या जाग्यावर बसून वरडत व्हता. तेवीस वर्सं झाली नोकरीला."

संघपालला वाटलं होतं, हे सांगायला फार शब्द लागतील. "शिक्षा न्हाय आप्पा," तो म्हणाला, "औषध हाय." आणि मग सगळं सांगितलं, गादी, शीर, बसलं की होतं ते, चाललं की बरं वाटतं ते, लाकडी पेटी, चंद्रिका. बोलता बोलता त्याची भाषा कधी होटगीची झाली ते त्याला कळलं नाही. "दोन महिनं झालं," शेवटी म्हणाला.

"दोन महिनं. आन् मला आज सांगतुयास." आप्पा उठले. लसणाची सुपली बाजूला ठेवली. "फिर तिकडं." आणि त्यांनी त्याच्या डाव्या कुल्ल्यावर, बरोबर मध्यावर, अंगठा रोवला. संघपालच्या तोंडून हवा बाहेर पडली. "हितं," आप्पा म्हणाले. ते विचारत नव्हते. "हितनं मागनं खाली. पोटरीला भाईरच्या अंगानं. आन् मग पावलावरनं अंगठ्यात. खोकलं की जादा. सकाळी उठताना जादा. व्हय का न्हाय?"

"तुमाला कसं ठावं?"

"माझा उजवा व्हता," आप्पा म्हणाले. "अकरा वर्सं."

एक मालगाडी धडधडत निघून गेली. मग आप्पा सांगू लागले, त्याच्याकडं न बघता, रुळांकडं बघत. बीटर मारताना एकदा कंबरेत कटकन झालं, आणि तेव्हापासून पाय. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेडिकलला धाडलं असतं. "मेडिकलला फेल झालो असतो तर घरी बसवलं असतं मला. घरी बसायचं लई भ्या वाटायचं. तुझी दहावी व्हायची व्हती, अभ्या लहान व्हता." मग त्यांनी एका मुकादमाच्या हातापाया पडून चावीवाल्याची ड्यूटी मागून घेतली. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज सात-आठ किलोमीटर रूळ चालत तपासायचा. "समदी म्हणली, हरिदास येडा हाय, चालायचं मागून घेतो. पर चाललं की कळ वर यायची."

"वर यायची?"

"व्हय की. पायातली मांडीत, मांडीतली कंबरंत. लई झालं तर बाभळीखाली पालथा पडायचो घटकाभर. पालथं पडलं की उतार पडायचा. मला कुनी शिकवलं न्हाय त्ये, आपलं गावलं."

संघपालला ती बाभूळ माहीत होती. सातवीत होता, आईला ताप होता म्हणून डबा घेऊन तो रुळांच्या कडेनं तीन किलोमीटर गेला होता, आणि बाभळीखाली आप्पा मातीत तोंड घालून पडलेले दिसले होते. गँगमधली माणसं लांबून हसत होती, "सरवद्या झोपला बघ, सायेब आला म्हणून सांग," आणि त्यांच्याबरोबर तोही हसला होता, कारण न हसता उभं राहणं त्याहून अवघड होतं. परत येताना मात्र त्याला आप्पांचा राग आला. सगळे राबताना आपला बाप कामाच्या वेळी झोपतो. पुन्हा तो डबा घेऊन कधी गेला नाही, काही ना काही कारण काढून अभिमन्यूला पाठवत राहिला. पस्तीस वर्षं हे त्याच्या आत कुठंतरी मणक्यामणक्यांमध्ये पडून होतं, त्यानं कधी काढून पाहिलं नव्हतं. आता त्यानं ते काढलं आणि त्याला कळलं की त्या दिवशी आप्पा झोपलेले नव्हते. ते तेच करत होते जे तो रोज तीन वेळा घरातल्या फरशीवर, शुभदाच्या पायांशी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि गरम पाण्याच्या पिशवीसकट करत होता.

"मी हसलो होतो आप्पा," तो म्हणाला. "डबा घेऊन आलो होतो तेव्हा. तुमी पालथं पडला होता."

आप्पांनी आठवल्यासारखं केलं. आठवलं की नाही ते कळलं नाही. "लई जण हसायची," म्हणाले. "मला ऐकू यायचं न्हाय. खडीला कान लावला की निस्ती गाडी ऐकू येती." मग थोड्या वेळानं, "काय म्हणलास नाव?"

"सायटिका."

आप्पांनी ते ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जेवायला हाक आली. संघपाल दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं जेवला आणि आप्पांनीही आपलं ताट हातात घेतलं, त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, जणू शेतावर जेवतोय. सुनेनं दोघांना तिथंच वाढलं. रश्श्यात तिखट जास्त झालं होतं, दोघांनाही ते आवडलं.

मार्चभर कळ वर सरकत राहिली. एक दिवस पोटरी मोकळी झाली, एक दिवस मांडी. मध्ये एकदा गॅसची टाकी सरकवायच्या मोहात तो चार दिवस मागं गेला, शुभदानं नुसती वही उघडून रेघ मारलेली ओळ समोर धरली. एप्रिलमध्ये डॉक्टरनं पाय उचलून पाहिला आणि तो बराच वर गेला. अंगठ्यात एक रुपयाएवढी बधिर जागा राहिली होती, ती कदाचित राहीलही, असं ते म्हणाले. संघपालची हरकत नव्हती. साहेबांनी टेबलावरची पेटी पाहून एकदा विचारलं, हे काढायचं का आता. तो म्हणाला, राहू द्या, मला उभ्यानं बरं सुचतं. हे बोलताना त्याचा हात फाइलीकडं गेला नाही, आणि गेला नाही हे त्याच्या संध्याकाळी लक्षात आलं, तलावाच्या दुसऱ्या फेरीत.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. "ती पोरगी मला बी दाव," म्हणाले. "त्रास होतोय का?" "दाव म्हणलं की." शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. संघपाल त्यांना पूर्व भागात घेऊन गेला. चंद्रिकानं त्यांना चालवून पाहिलं, वाकवून पाहिलं, पाय उचलले. दोन्ही पाय तिच्या हातांबरोबर सहज वर गेले. ती म्हणाली, "आजोबा, तुमचे पाय तुमच्या मुलापेक्षा चांगले आहेत. काय होतंय तुम्हाला?"

"आता काय न्हाय. व्हतं."

"कधी?"

"पस्तीस वर्सांमागं सुरू झालतं."

तिनं संघपालकडं पाहिलं. त्यानंही मान हलवली, त्यालाही काही माहीत नव्हतं. "मग मी काय करू आजोबा?"

"तुमच्याकडं कागूद असतो न्हवं, दुखण्याचा? त्याच्यावर लिवून घ्या," आप्पा म्हणाले. "तवा कुनी लिवलं न्हाय."

चंद्रिकानं स्टूल ओढून घेतलं. मग तिनं ड्रॉवरमधून कोरा केसपेपर काढला आणि सवयीनं इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. आप्पा वाकून बघत होते. "मराठीत लिवा. मला वाचाय याया पायजे." तिनं तो कागद बाजूला टाकला, दुसरा घेतला. नाव, हरिदास सरवदे. वय, शहात्तर. काम. "रेल्वे," आप्पा म्हणाले, "गँगमन, मग चावीवाला." त्रास, उजवा पाय, कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत. किती दिवस, अकरा वर्षं. "निदान," ती लिहिता लिहिता म्हणाली, आणि तिनं लिहायच्या आधीच आप्पा म्हणाले, "सायटिका." उच्चार अगदी बरोबर होता, घोकून आणलेला. तिनं लिहिलं. "उपचार काय घेतले होते, आजोबा?"

आप्पांनी विचार केला. संघपालला वाटलं ते बाभळीचं सांगतील, मुकादमाचं सांगतील. "चाललो," ते म्हणाले.

तिनं तेही लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. आप्पांनी कागद हातात धरून वरून खालपर्यंत वाचला, ओळीखाली बोट धरून, सावकाश. एका जागी थांबून म्हणाले, "मी बरा झालो त्ये लिवलं न्हाय." तिनं पेन घेतलं आणि उरलेल्या जागेत लिहिलं, पूर्ण बरे. तेव्हा त्यांनी कागदाची घडी केली, रेल्वेच्या पासाबरोबर वरच्या खिशात ठेवली, चंद्रिकाला हात जोडले आणि बाहेर पडले. उन्हं चढली होती. संघपाल रिक्षा बघू लागला, तोवर आप्पा स्टेशनच्या दिशेनं चालायलाही लागले होते, झपाझप, रुळाखालच्या स्लीपरवरून पावलं टाकल्यासारखी एकसारखी टांग टाकत, आणि त्यांना गाठायला संघपालला जरा जोरातच चालावं लागलं.